आत काही न ठेवायची भांडी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मॅग्डलीन ओडुंडो यांच्या भांड्यांवर लिहिलं होतं. हाताने वळलेली, घोटून चकचकीत केलेली, केशरी नाहीतर काळीभोर, आणि ज्यात कोणी पाणी भरत नाही, फुलं ठेवत नाही, भाजी शिजवायचा तर प्रश्नच नाही, अशी भांडी. नैरोबीत १९५०ला जन्मलेल्या आणि १९७१पासून इंग्लंडमध्ये असलेल्या ह्या बाईंनी सगळं आयुष्य ह्या एका कामाला दिलं, त्यांना २०२०ला तिकडे डेम हा किताबही मिळाला. त्या लेखावर पत्रं आणि मेसेज खूप आले. काही कौतुकाचे, काही चिडलेले, बरेचसे सरळ प्रॅक्टिकल. ह्या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते. सगळ्यांना पुरं पडता आलं नाही, ज्यांचं राहिलं त्यांचं पुढच्या अंकात.

डोंबिवलीहून एक वाचक: ताई, लेख आवडला पण एक खटकलं. आमच्या आजीकडे रांजण होता, त्यात पाणी असायचं म्हणून तो रांजण. ज्यात काहीच ठेवायचं नाही त्याला सरळ शिल्प म्हणा ना, भांडं कशाला म्हणायचं? की भांडं म्हटलं की माणसं जवळ येतात म्हणून?

शिल्प म्हणा, माझी हरकत नाही, म्युझियमवालेही कधी कधी तसंच म्हणतात. पण जो करतो ना तो ते शिल्पासारखं करत नाही, आणि माझ्यासाठी सगळा मुद्दा तिथे आहे. दगडाचं शिल्प बाहेरून आत जातं, नको तेवढं काढत जायचं. भांडं आतून बाहेर येतं. ओडुंडो चाक वापरत नाहीत. मातीचा गोळा घेऊन तो पोकळ करतात, भिंत वर ओढत नेतात, त्यावर मातीच्या वळ्या चढवतात, एक हात आत आणि एक बाहेर, आणि दुधी भोपळ्याच्या जातीच्या वाळक्या तुंब्याचा तुकडा घेऊन आतून खरवडत खरवडत पोट फुगवत जातात. म्हणजे बाहेर जी गोलाई आपल्याला दिसते ती आतल्या हाताच्या दाबाने आलेली असते. आतली जागा आधी, बाहेरचा आकार नंतर. ती पोकळी नीट नसेल तर बाहेरून कितीही घोटा, भांडं मेलेलं दिसतं. हे शिकाऊ मुलांच्या कामात पटकन कळतं, बाहेरून सगळं बरोबर असतं पण आत माती जाड राहिलेली, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही तरी काहीतरी जड वाटत राहतं.

दुसरं, तोंड. त्यांच्या भांड्यांची तोंडं बघा, पसरट, तिरकी, एकीकडे झुकलेली, काहींना लांबच लांब मान. ते तोंड उघडं असतं म्हणून आपण वाकून आत बघतो, आत काळोख असतो, आणि त्या काळोखामुळेच ते पोट भरलेलं वाटतं. कल्पना करा की ते तोंड मातीने बुजवून टाकलं, सगळी गंमत संपली. उरला एक गुळगुळीत गोळा. मग उपयोग नाही म्हणून ते भांडं नाही असं कसं म्हणता येईल? पाणी नाही एवढंच, बाकी भांड्याचं सगळं तिथे आहे. पोटावर छोटे छोटे उंचवटे असतात, बेंबीसारखे, पाठीच्या मणक्यासारखे, गरोदर बाईच्या शरीराची आठवण येते हे बघणाऱ्या बहुतेकांनी म्हटलंय आणि ते खरंच आहे.

आणि हे असं काही इंग्लंडला जाऊनच सुचतं असंही नाही. ओडुंडो १९७४-७५ला नायजेरियात अबुजाच्या पॉटरी ट्रेनिंग सेंटरला गेल्या होत्या, तिथे लाडी क्वाली होत्या. ह्या बाईंची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्वाली नावाच्या गावातल्या, घरी बायकांकडूनच कुंभारकाम शिकलेल्या, पाण्याचे मोठे माठ करायच्या आणि त्यावर सरडे, मासे, साप असे कोरायच्या. ते सेंटर मायकल कार्ड्यू ह्या इंग्रज कुंभाराने काढलं होतं आणि १९५४ला लाडी क्वाली तिथे आल्या. तिथे त्यांनी तोच माठ केला, तसाच हाताने, तीच नक्षी, फक्त त्याला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावलं आणि तो स्टोनवेअरच्या, म्हणजे माती दगडासारखी घट्ट करणाऱ्या चढ्या तापमानाला भाजला. आता विचार करा, माठ पाणी गार का करतो? माती सच्छिद्र असते, पाणी झिरपतं, बाहेर वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ग्लेझ लावून १२५० डिग्री सेल्सियसच्या आसपास भाजलं की छिद्रं बंद. पाणी गार व्हायचं बंद! तोच आकार, तोच हात, आणि माठाचं मूळ काम गेलं, राहिलं ते नुसतं बघण्यासारखं भांडं. ते जगभर गेलं, आणि आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला लाडी क्वाली भांडं करताना दिसतात. नोटेवर कुंभारीण, किती देशांत आहे हे?

आपल्याकडेही बघा ना. लग्नात गौरीहराच्या चार कोपऱ्यांना रंगवलेल्या बोळक्यांच्या उतरंडी लावतात, चुन्याने पांढऱ्या करून वर लाल हिरवी नक्षी काढलेल्या. एकावर एक रचलेल्या त्या बोळक्यांत कोण काय ठेवतं? कोणीच नाही. पण त्या उतरंडी नसतील तर गौरीहर पुरा वाटत नाही. तुमच्या आजीला ह्यात काही विचित्र वाटलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

सांगलीहून एक आर्टची विद्यार्थिनी: मॅम, मी ओडुंडोंसारखं काळं घोटलेलं भांडं करून बघतेय. घोटताना मस्त चकाकतं पण भाजून आलं की मॅट. आणि काळं तर होतच नाही, डाग डाग येतात, मध्येच लाल. दोन तडकली पण. कुठे चुकतंय? आमच्या सरांना इलेक्ट्रिक किल्नचंच (विजेच्या भट्टीचंच) माहिती आहे.

अगं, तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत, एकेक घेऊ.

चकाकी जाते ती बहुतेक तापमानामुळे. घोटणं म्हणजे काय करतो आपण, मातीचे चपटे कण असतात ते दगडाने दाबून एका दिशेला आडवे झोपवतो, म्हणून उजेड परत येतो. ग्लेझ वितळून काचेसारखं होतं तसलं इथे काहीच नाही. आता भट्टी जास्त तापली की माती आकसते, कण हलतात, मांडणी मोडते आणि चकाकी गेली. तुझी बिस्क फायरिंग, म्हणजे ग्लेझ नसताना होणारी पहिली भाजणी, हजारला होत असणार, कॉलेजात साधारण तीच सवय असते. घोटलेलं भांडं ९००च्या खाली ठेव, ८५०ने सुरू करून बघ. कमी भाजल्यामुळे भांडं थोडं नाजूक राहील, राहू दे, आपल्याला त्यात आमटी करायची नाहीये. हाच तर फायदा आहे, वापरायचं नाही म्हटलं की भाजण्याचं बंधन सुटतं आणि पृष्ठभागासाठी जे हवं ते करता येतं.

घोटायची वेळ पण बघ. लेदर हार्ड झाल्यावर, म्हणजे दाबलं तर नख उमटतं पण बोट रुतत नाही, तेव्हा सुरुवात. ओलं असताना घोटलं तर दगडाचे ओरखडे खोल जातात, फार वाळल्यावर घोटलं तर नुसता खरखर आवाज येतो आणि भुकटी निघते. आणि एकदाच घोटून सोडू नकोस, वाळताना माती आकसते तशी चमक उतरते, मग परत. त्यावर बारीक मातीचा लेप, टेरा सिजिलाटा म्हणतात तो, लावला तर खूप फरक पडतो, ओडुंडोही तसा लेप लावून घोटतात. करायला सोपा आहे पण घाई चालत नाही. दीड किलो कोरडी लाल माती, साडेतीन लिटर पाणी, आणि साडेसात ग्रॅम सोडियम सिलिकेट, दुकानात वॉटर ग्लास म्हणून मिळतं. आधी सिलिकेट थोड्या गरम पाण्यात विरघळव, मग सगळं ढवळ आणि पारदर्शक बरणीत एक दिवसभर अजिबात न हलवता ठेव. सिलिकेटमुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत, जड कण खाली बसतात आणि अतिशय बारीक ते तरंगत राहतात. वरचं पाणी, मधला लेप, खाली गाळ असे थर दिसतील. नळीने मधला थर काढून घे, गाळ हलू द्यायचा नाही. दुधाइतका पातळ हवा. वाळलेल्या भांड्यावर मऊ ब्रशने तीन-चार हात, आणि लगेच मऊ कापडाने नाहीतर नुसत्या तळहाताने घोट.

काळं का होत नाही, तर इलेक्ट्रिक किल्नमध्ये हवा खेळती असते, म्हणजे ऑक्सिजन भरपूर, आणि लाल मातीतलं लोखंड ऑक्सिजन मिळाला की लालच होणार. काळ्यासाठी ऑक्सिजन तोडावा लागतो. ओडुंडो आधी मोकळ्या हवेच्या ज्वाळेत एकदा भाजतात, तेव्हा भांडं केशरी-लाल होतं. ज्यांना काळं करायचं ती परत दुसऱ्यांदा, बंद पेटीत लाकडाच्या ढलप्यांबरोबर. लाकूड जळायला ऑक्सिजन मागतं, हवेतला संपला की मातीतल्या लोखंडाचा ओढून घेतं आणि वर धुरातला कार्बन छिद्रांत जाऊन बसतो. तुझे लाल डाग आले तिथे पेटीला फट होती किंवा तू ती गरम असताना उघडलीस. कार्बन गरम असताना हवा लागली की तो चक्क जळून जातो आणि खालची लाल माती वर येते. पूर्ण गार होऊ दे, हात लावता येईल इतकी. ही लाल-काळ्याची सरमिसळ मुद्दाम हवी असेल तर तीही फार सुंदर दिसते, पण आधी पूर्ण काळं करायला शीक, मग डाग आपल्या मर्जीने आणता येतात.

हे सॅगरचं, म्हणजे बंद पेटीत भाजायचं काम कॉलेजच्या इलेक्ट्रिक किल्नमध्ये करू नकोस, धुराने कॉइल खराब होतात आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. बाहेर मोकळ्या जागेत, पत्र्याच्या डब्यात भुसा भरून, विटांच्या छोट्या भट्टीत कर. उत्तर प्रदेशात निजामाबादची काळी भांडी आहेत ती पण अशीच कोंडून काळी करतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये सान इल्देफोन्सो नावाचं पुएब्लो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, काळ्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुंभार मारिया मार्टिनेझ यांचं गाव, तिथे पेटत्या ढिगावर वाळक्या शेणाचा चुरा टाकून आग कोंडतात. ओडुंडो तिथेही जाऊन बघून आल्या होत्या. म्हणजे शेणी चालतात, सांगलीत मिळायला अडचण नाही.

तडे. एकतर भिंत सगळीकडे सारखी जाड नाही, बूड जाड आणि मान पातळ असेल तर वाळतानाच ताण येतो, किंवा माती आतून ओली असताना भट्टीत गेली. १००च्या आसपास पाण्याची वाफ होते, तिथे खूप हळू जायचं. आणि ५७३ डिग्रीला मातीतल्या क्वार्ट्झचे कण अचानक फुगतात, गार होताना त्याच डिग्रीला अचानक आकसतात, तेव्हाही घाई नको, त्या टप्प्यात भट्टीचं झाकण उघडून बघायचा मोह टाळ. मातीत थोडा ग्रॉग मिसळ, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, पण बारीक चाळलेला, नाहीतर घोटताना दगडाखाली येईल.

पुढचं भांडं झालं की फोटो पाठव.

नाशिकहून एक वाचक: एका प्रदर्शनातून राकूचा फुलदाणीसारखा पीस घेतला, चांगले पैसे दिले. घरी त्यात निशिगंध ठेवला तर सकाळी टेबलावर पाण्याचं वर्तुळ, पॉलिश गेलं. विकणाऱ्याने काहीच सांगितलं नव्हतं. हा डिफेक्ट आहे का?

डिफेक्ट नाही, पण तुम्हाला सांगायला हवं होतं, ह्यावर माझं मत अगदी पक्कं आहे. फुलदाणीच्या आकाराची वस्तू कोणी विकत असेल आणि त्यात पाणी राहत नसेल तर ते घेणाऱ्याला तोंडी सांगायचं आणि खाली बुडावर किंवा चिठ्ठीवर लिहायचं. एका ओळीचं काम आहे.

झालंय असं की राकूचं भांडं हजारच्या आसपास लालबुंद असताना चिमट्याने भट्टीतून बाहेर काढतात आणि सरळ भुशात टाकून झाकतात. अचानक गार झाल्यामुळे ग्लेझला बारीक भेगा पडतात, त्यात धूर शिरून काळ्या रेषांचं जाळं तयार होतं, तेच तर आपल्याला आवडतं. पण त्या भेगांमधून पाणी आत जातं आणि आतली माती कमी भाजलेली, सच्छिद्र, म्हणून बाहेर झिरपतं. (भुशाच्या धुराची ही पद्धत मुळातली जपानी नाही हो. जपानातले राकूचे वाडगे चहा प्यायचेच, सोळाव्या शतकापासून. भुशात टाकणं हे १९६०च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी सुरू केलं आणि तिथून जगभर गेलं.)

उपाय सोपा आहे, आत मावेल अशी काचेची नळी किंवा छोटी बाटली ठेवा आणि पाणी त्यात घाला. आतून मेण किंवा सीलर लावून देतो म्हणणारे भेटतील, काही महिने चालतं, मग परत झिरपतं. मी सांगेन वाळकं गवत, कापसाच्या बोंडांची फांदी असलं काही ठेवा, किंवा काहीच ठेवू नका. निशिगंध गेला तरी तो पीस दिसायला तितकाच छान राहील.

आणि ह्यातच एक गोष्ट सगळ्यांसाठी, कृपा करून लक्षात ठेवा. शोभेच्या भांड्यात खायचं प्यायचं ठेवू नका. गळतं म्हणून फक्त नाही. शोभेच्या ग्लेझमध्ये रंगासाठी तांबं, मँगनीज, बेरियम असं बरंच काही असू शकतं आणि जुन्या किंवा स्वस्त ग्लेझमध्ये शिसंही असतं. लोणचं, चिंचेचं सार, लिंबू सरबत, असं आंबट काही त्यात राहिलं की ते धातू उतरतात. दिसत नाही, चव बदलेलच असंही नाही. घरात लहान मुलं असतील तर असले पीस वरच्या फळीवर ठेवा.

ठाण्याहून एक वाचक: एवढ्याशा मातीच्या भांड्याचे अठरा हजार सांगितले. माती तर फुकट असते ना? राग मानू नका पण हे लूट नाही का?

राग नाही, हा प्रश्न दर प्रदर्शनात कोणीतरी विचारतंच. माती जवळजवळ फुकट आहे हे खरं. किंमत मातीची नसते. हाताने वळलेलं, घोटलेलं एक मध्यम भांडं वाळण्यासकट आठवडे घेतं, मध्ये भट्टी दोनदा लागते, गॅस किंवा वीज लागते, आणि त्या भट्टीतून जेवढी आत गेली तेवढी धड बाहेर येत नाहीत. जी तडकली त्यांचा खर्च जी वाचली त्यांनाच उचलावा लागतो, दुसरं कोण उचलणार? शिवाय गॅलरीचं कमिशन, ते बऱ्यापैकी मोठं असतं. कप-बशी करणारा एकाच मापाचे शंभर करतो आणि खर्च विभागला जातो, इथे एकच असतो.

तरीही प्रत्येक अठरा हजाराचं भांडं अठरा हजाराचं असतं असं मी म्हणणार नाही. उपयोग नाही एवढ्यावर कला होत नाही. उलट, गळका कप कोणी परत आणून देतो तरी, शोभेच्या भांड्याची चूक कोणी परत आणत नाही, म्हणून करणाऱ्याने स्वतःशी जास्त कडक राहायला हवं. तुम्ही हातात घेऊन बघा. वजन आकाराला साजेसं आहे का, आतून हात फिरवला तर भिंत सगळीकडे सारखी लागते का, तोंडाचा कडेचा भाग विचार करून संपवलाय की नुसता कापलाय, आणि उलटं करून बूड बघा, बूड आळशीपणे केलेलं असेल तर बाकीचंही तसंच असतं. ह्यात पास झालं आणि तुम्हाला तिथून हलवेना, तर घ्या. नाहीतर नका घेऊ, बघायला पैसे पडत नाहीत.

गिरगावातून एक वाचक: आपल्या मुंबईत असं काही कधी झालंय का? की सगळं आफ्रिका आणि युरोपचंच?

झालंय, आणि दीडशे वर्षांपूर्वी! भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, १८७२ला उघडलेलं, तिथे बॉम्बे स्कूल पॉटरी म्हणून भांडी आहेत. तुम्ही गिरगावात राहता म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पोचाल. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज विल्किन्स टेरी नावाचे शिक्षक होते, त्यांनी १८७०च्या दशकात तिथे पॉटरी सुरू केली. सिंधमधल्या कुंभारांना ग्लेझचं काम पिढ्यान् पिढ्या येत होतं, ती विद्या मुंबईत आणली. टेरींनी वंडरलँड आर्ट पॉटरी नावाचा कारखानाही चालवला.

ह्याच काळात, १८७२पासून, जे. जे.चे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत होते. पुढे त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ला लंडनमध्ये आगीत जळाल्या, ते वाचून अजूनही पोटात तुटतं. पण अजिंठ्याचे ते हंस, कमळं, वेली, माणसांच्या आकृती ह्या भांड्यांवर उतरल्या होत्या. म्हणजे गुहेच्या भिंतीवरची रेष फुलदाणीच्या गोल पोटावर. सपाट चित्र गोलावर बसवणं सोपं नसतं, पोटावर रेष पसरते, मानेवर आवळते, आणि ज्याने कोणी ते रंगवलं त्याला ते नीट जमलंय. नावं मात्र विद्यार्थ्यांची नाहीत, साहेबांची राहिली, ही खंत आहेच.

ही भांडी रोजच्या वापरासाठी नव्हतीच, युरोपियन लोकांच्या दिवाणखान्यासाठी आणि मोठ्या प्रदर्शनांसाठी केलेली होती. तेव्हाही टीका झाली असणार की हे धड आपलं नाही धड त्यांचं नाही. मला स्वतःला त्यातली काही भांडी फार भरजरी वाटतात, नक्षी इतकी की आकार गुदमरतो. पण जिथे रंगवणाऱ्याने हात आवरता घेतलाय, एखादीच आकृती आणि बाकी मोकळा रंग, तिथे उभं राहावं. लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्येही ह्यातली काही आहेत.

पुण्याहून: ओडुंडो लहानपणी भारतात होत्या असं ऐकलं, खरं?

हो. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण काही भारतात आणि काही केनियात झालं. पण माती त्यांच्या हातात आली ती इंग्लंडला गेल्यावर, आधी त्या ग्राफिक्स शिकत होत्या.

न्यू जर्सीहून एक वाचक: इथे अमेरिकेत असं काम बघायचं तर कुठे जावं? सहकुटुंब जाण्यासारखं सांगा.

ओडुंडो यांचं काम न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या संग्रहात आहे, तुम्हाला ते जवळ. प्रत्येक वेळी मांडलेलं असेलच असं नाही, आधी बघून जा. पण सुट्टी मोठी असेल तर मिसिसिपीमध्ये बिलॉक्सीला जा. तिथे जॉर्ज ओर नावाचा कुंभार होता, १८५७ ते १९१८. लोक त्याला वेडा कुंभार म्हणायचे. चाकावर कागदासारखी पातळ भांडी काढायचा आणि मग ओली असतानाच पिळायचा, चेंबवायचा, चुण्या घालायचा. चाकावर इतकी पातळ भिंत उभी करणं हेच फार थोड्यांना जमतं, आणि तो ती उभी करून वर मोडायचा! १८९४च्या आगीत त्याचा सगळा वर्कशॉप जळाला, तर जळकी भांडीसुद्धा त्याने टाकली नाहीत, त्यांना जळालेली बाळं म्हणायचा. विकलं फार थोडं. हजारो भांडी घरच्यांकडे पडून होती, १९६०च्या दशकाच्या शेवटी न्यू जर्सीच्याच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला ती सापडली आणि मग चित्रकार, संग्राहक सगळे मागे लागले. आता बिलॉक्सीत फ्रँक गेहरी यांनी डिझाइन केलेलं म्युझियम आहे, ओर-ओकीफ. मुलांना पिळलेली भांडी नक्की आवडतील.

सोलापूर जिल्ह्यातून एक वाचक: मी कुंभार घरातला. माठ, पणत्या, सुगडं सगळं येतं. इन्स्टावर ही शोभेची भांडी बघतो आणि वाटतं आपणही करावं. वडील म्हणतात ज्याचा उपयोग नाही ते कोण घेणार. शहरातली शिकलेली माणसंच हे करू शकतात का?

दादा, नाही. अजिबात नाही. लाडी क्वालींचं वर लिहिलंय ते परत वाचा, त्या गावातल्याच होत्या. आणि जवळचं उदाहरण हवं तर भाईंदरला स्टुडिओ असलेले ब्रह्मदेव राम पंडित, बिहारच्या कुंभार घरातले, त्यांना २०१३ला पद्मश्री मिळाली. चाकावर जे तुमच्या हाताला लहानपणापासून येतं ते मिळवायला शहरातल्या माणसाला कित्येक वर्षं जातात, मी हे बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

वडिलांचं म्हणणं मात्र बाजूला टाकू नका, ते बाजार बघून बोलतायत. माठ आणि पणत्या चालू ठेवा, घर त्यावर चालतं. आठवड्यातला एखादा दिवस ह्याला द्या. आणि एक मनापासून सांगते, इन्स्टावरचे आकार कॉपी करू नका, तिथे सगळ्यांचं सारखंच दिसायला लागलंय. तुम्हाला येणारा एकच आकार घ्या. समजा माठ. वडील तो थापी आणि आतून गोटा धरून चोपून चोपून वाढवतात ना, तेच करा, फक्त जिथे नेहमी थांबता तिथे थांबू नका. मान लांब केली तर काय होतं, तोंड लहान केलं तर, पोट एका बाजूला नेलं तर, बूड इतकं लहान केलं की उभं राहील की नाही असं वाटेल, तर. एकाच आकाराचे वेगवेगळे करत राहा. घोटायला नदीतला गुळगुळीत गोटा, रंगाला गेरू, भाजायला आवा, ह्यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

शिकायला बाहेर पडायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, तिथे सिरॅमिकचं काम बरीच वर्षं चालू आहे. पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी आहे, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ला काढलेली, आजचे भारतातले कित्येक नावाजलेले सिरॅमिक आर्टिस्ट तिथे शिकून गेले. जयपूरला २०१८मध्ये जवाहर कला केंद्रात पहिलं इंडियन सिरॅमिक्स ट्रायनेल, म्हणजे मातीकामाचं मोठं प्रदर्शन, झालं, असं पुढचं कुठे होतंय का यावर लक्ष ठेवा आणि झालं की वडिलांनाही घेऊन जा. त्यांनी ते स्वतः बघणं तुमच्या समजावण्यापेक्षा जास्त कामाचं.

कोण घेणार ह्याचं उत्तर, सुरुवातीला थोडेच लोक. त्यांना खरं सांगून विका, की हे पाणी धरणार नाही. आणि पहिली जी चांगली होतील त्यातली दोन तरी विकू नका, घरात ठेवा. पुढचं करताना समोर लागतात.

औरंगाबादहून एक वाचक: घोटलेलं काळं भांडं घरात आहे, ग्लेझ नाही. धूळ बसते. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल? तेल लावू का?

ओलं फडकं नको, पाण्याचे डाग पडतात आणि वारंवार पाणी लागलं तर चमक मरते. तेल तर अजिबात नको, सच्छिद्र माती ते पिते आणि वर धूळ चिकटते, मग निघत नाही. मऊ कोरडा ब्रश, मेकअपचा मोठा असतो तो छान चालतो, आणि मग सुती मऊ कापड हलक्या हाताने. उचलताना मानेला किंवा तोंडाला धरून कधीच उचलू नका, एक हात बुडाखाली आणि एक पोटाला. अंगठ्या, बांगड्या आधी काढा, घोटलेल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की तो परत घोटून जात नाही.